बांतेय प्रीब: चार फौजांतले चौघं आणि एक तीनचाकी खुर्ची

चार माणसं होती, चौघंही आधी सैनिक, आणि चौघं चार वेगवेगळ्या फौजांतले. कंबोडियात ऐंशीच्या दशकात जी लढाई चालली तिच्यात एका बाजूला राजधानी नॉम पेन्हमधलं, व्हिएतनामच्या जिवावर उभं असलेलं सरकार होतं आणि दुसऱ्या बाजूला ख्मेर रूज म्हणजे जहाल कम्युनिस्ट, राजे सिहानुक यांची माणसं आणि केपीएनएलएफ ही कम्युनिस्टविरोधी संघटना असे तीन गट. हे चौघं त्या चार ठिकाणांहून आले, सुरुंगानं अपंग होऊन आले, आणि नव्वदच्या दशकात नॉम पेन्हबाहेरच्या एका केंद्रात एकत्र राहून दुसऱ्या अपंगांना शिकवायला लागले. तिथून त्यांनी सगळ्या जगाला उद्देशून एक छोटंसं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की आम्ही आधी एकमेकांसाठी सुरुंग पेरत होतो, त्यात आमचे एकमेकांचे पाय गेले, हात गेले, डोळे गेले, आता आम्ही एका जागी शिकतो आणि शिकवतो, तर विनवणी आहे की सुरुंग बनवणं थांबवा, सुरुंग लावणं थांबवा, आणि जे जमिनीत आहेत ते काढायला पैसे द्या, म्हणजे आमची घरं, गावं, देश आम्हाला परत उभा करता येईल.

एवढंच पत्र, तीन मागण्या. हे प्रकरण मांडताना मी पत्रापासूनच सुरुवात केली कारण त्या केंद्राचा सगळा इतिहास या तीन मागण्यांपर्यंत कसा पोचला हाच माझ्या दृष्टीने अभ्यासाचा विषय आहे. केंद्राचं नाव बांतेय प्रीब. ख्मेर भाषेत बांतेय म्हणजे गढी आणि प्रीब म्हणजे पारवा, पण सगळे त्याला ‘पारव्याचं केंद्र’ असंच म्हणत. चालवणारे जेसुइट, म्हणजे येशूसंघाचे कॅथलिक फादर-ब्रदर, त्यांच्यासोबत काही सिस्टर्स, आणि बाकी सगळे ख्मेर लोक, जे जवळपास सगळे बौद्ध. निर्वासितांच्या छावणीत सेवा करायला आलेलं मिशन अपंगांचं केंद्र कसं झालं, तिथून व्हीलचेअरचा कारखाना कसा झाला आणि तिथून सुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या मोहिमेत कसं जाऊन पोचलं, हे बघण्यासारखं आहे.

आधी सीमेवर जाऊ. ख्मेर रूजची राजवट 17 एप्रिल 1975 ते 7 जानेवारी 1979. त्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार, वेठबिगारी आणि कत्तल यांत सुमारे 17 लाख माणसं मेली असं मानतात. कॅथलिक चर्च तर जवळजवळ पुसूनच टाकलं होतं, नॉम पेन्हचं कॅथेड्रल दगडन् दगड उतरवून पाडलं, आणि पहिले ख्मेर बिशप जोसेफ छमार सालास, ज्यांची दीक्षा नॉम पेन्ह पडायच्या तीन दिवस आधी घाईघाईने झाली होती, ते 1977 मध्ये हाल होऊन गेले. व्हिएतनामच्या फौजा आत आल्यावर माणसांचे लोंढेच्या लोंढे थायलंडच्या हद्दीकडे निघाले. नोव्हेंबर 1979 मध्ये खाओ-ई-दांग ही छावणी उभी राहिली आणि पुढे सीमेला लागून अशा छावण्यांची रांगच लागली.

यातली सगळ्यात मोठी साइट टू, 1985 ची. दीड लाखाच्या वर माणसं बांबू आणि गवताच्या झोपड्यांत, पाणी टँकरनं येणार, तांदूळ मोजून मिळणार, बाहेर जायची परवानगी नाही, आणि अधूनमधून तोफेचे गोळे. एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. साइट टू मधल्या माणसांना कागदावर ‘निर्वासित’ म्हणतच नव्हते. थायलंडच्या लेखी ते नुसते विस्थापित, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचं संरक्षण त्यांना नाही, त्यांच्यासाठी अनब्रो नावाची वेगळी मदतयंत्रणा, जिच्याकडे धान्य होतं पण कायद्याचं छत्र देण्याचा अधिकार नव्हता. शिवाय छावणीचा कारभार केपीएनएलएफच्या हातात. म्हणजे ज्यांच्यापासून संरक्षण हवं अशा बंदूकवाल्यांच्याच हातात तांदळाचं माप, आणि छावणीतली तरुण पोरं म्हणजे उद्याची शिपाई-भरती.

जेसुइट लोक इथे कसे आले तर त्याच्या मागे फादर पेद्रो अरुपे. हे स्पेनमधल्या बास्क प्रांतातले, पण तरुणपणी जपानमध्ये होते, आणि 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा शहराच्या कडेला नागात्सुका इथल्या नवदीक्षितांच्या घराचे प्रमुख होते. फादर व्हायच्या आधी ते मेडिकलला शिकत होते, ते शिक्षण अर्धवट सोडलेलं, पण त्या दिवशी तेच कामाला आलं, घराचं हॉस्पिटल केलं आणि दीडशेच्या आसपास भाजलेल्या माणसांना तिथे ठेवून घेतलं. पुढे ते सगळ्या जेसुइट संघाचे प्रमुख झाले. 1979 च्या शेवटी व्हिएतनाममधून होड्यांत बसून समुद्रात निघालेल्या माणसांच्या बातम्या येत होत्या तेव्हा त्यांनी जगभरातल्या प्रांतप्रमुखांना तारा केल्या की तुम्ही काय करू शकता ते कळवा. त्यातून 14 नोव्हेंबर 1980 ला जेसुइट रेफ्युजी सर्व्हिस सुरू झाली, जेआरएस. तिच्या कामाचं सूत्र तीन शब्दांचं: सोबत करणं, सेवा करणं, बाजू मांडणं. क्रम लक्षात ठेवा, सोबत आधी आहे, पुढे हा क्रमच सगळं ठरवतो.

6 ऑगस्ट 1981 ला, म्हणजे हिरोशिमाच्या बरोबर 36 वर्षांनी, अरुपे बँकॉकमध्ये होते. थायलंडच्या छावण्यांत काम करणाऱ्या जेसुइटांशी ते बोलले, आणि आणखी काही नाही तरी प्रार्थना भरपूर करा, हे प्रश्न नुसत्या माणसाच्या कष्टांनी सुटणारे नाहीत असं कळकळीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विमान रोमला उतरलं आणि तिथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. साडेनऊ वर्षं ते तसेच होते, दुसऱ्यानं भरवायचं, दुसऱ्यानं उठवायचं, आणि 5 फेब्रुवारी 1991 ला गेले. बांतेय प्रीब सुरू झालं ते त्याच वर्षी. मी याला योगायोगच म्हणेन, पण निर्वासितांसाठी संस्था काढणारा माणूस स्वतः अपंग होऊन शेवटची वर्षं काढतो आणि त्या काळात त्याच्या संस्थेचं काम हळूहळू अपंगांकडे वळत जातं, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

छावणीत आलेल्यांत एक होते फादर पिएर सेराक. फ्रेंच माणूस, 1937 पासून भारतात, मद्रासमध्ये आयुष्य गेलेलं, आणि वयाच्या पासष्टीनंतर, लोक निवृत्त होतात तेव्हा, 1980 मध्ये हे कंबोडियन निर्वासितांसाठी थायलंडच्या सीमेवर गेले आणि जवळपास छावण्या बंद होईपर्यंत तिथेच राहिले. दुसरे एनरिके फिगारेदो, सगळे त्यांना किके म्हणतात, स्पेनमधल्या खिखॉनचे, 1959 चा जन्म, अर्थशास्त्र शिकलेले, 1985 मध्ये छावणीत पोचले ते पंचविशीत. त्यांच्या वाट्याला आली सुरुंगानं पाय गेलेली माणसं.

आणि अशी माणसं खूप होती. सीमेवर मधल्या काळात नॉम पेन्ह सरकारनं के-5 नावाची योजना राबवली, म्हणजे सगळ्या थाई सीमेला समांतर सुरुंगांचा पट्टा, हजारो गावकऱ्यांना जुंपून केलेला, आणि समोरचे तीन गटही आपापले सुरुंग पेरत होते, नकाशे कोणी ठेवले असतील तर ते हरवले किंवा ठेवणारे मेले. माणसं मारायचा सुरुंग हा बऱ्याचदा मारत नाही, तो पाय घेतो. सैनिकी हिशोब असा की मेलेल्याला सोडून पुढे जाता येतं, पण जखमीला उचलायला दोघं लागतात. हा हिशोब ज्याच्यावर होतो त्याचं काय होतं ते तुन चन्नारेथ यांच्याकडून जगाला कळलं. 1982 च्या डिसेंबरमध्ये सीमेजवळ त्यांचा पाय सुरुंगावर पडला. दोन्ही पाय चिंधड्या झाले. त्यांनी स्वतः सांगितलंय की कुऱ्हाडीनं मी माझेच पाय तोडायला लागलो होतो, मरावंसं वाटत होतं, सोबतच्या मित्रानं अडवलं आणि उचलून नेलं. पुढची कित्येक वर्षं साइट टू मध्ये, बायको-पोरांसह, काहीच काम नाही.

छावणीत किके आणि बाकीच्यांनी अपंगांसाठी हाताचं काम शिकवणं सुरू केलं. आणि इथे या प्रकरणातला पहिला खरा प्रश्न येतो जो मिशननं नाही, छावणीतल्या माणसांनी विचारला: उद्या आम्ही परत गेलो तर तिथे आमचं काय? छावणीत निदान तांदूळ मिळतो, परत गेल्यावर एका पायाच्या माणसाला शेत कोण देणार, आणि दिलं तरी त्या शेतात काय पुरलंय ते कोणाला माहीत.

याला उत्तर द्यायचं तर सीमेच्या पलीकडे जाणं भाग होतं, आणि ते तेव्हा सोपं नव्हतं. नॉम पेन्हच्या सरकारला पश्चिमेकडचे बहुतेक देश मानत नव्हते, विकासाची मदत बंद, संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची तोवर ख्मेर रूज सामील असलेल्या आघाडीकडे. छावणीत काम करणारे या बाजूचे आणि देशात काम करणारे त्या बाजूचे असंच सगळे धरून चालत. जेआरएसनं ठरवलं की दोन्हीकडे असायचं. सिस्टर डेनिस कॉगलन, ऑस्ट्रेलियाच्या सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या, छावण्यांतलं काम करून 1990 मध्ये नॉम पेन्हमध्ये आल्या, आणि कॅथलिक लोकांना उघडपणे उपासना करायची परवानगी परत मिळाली तीही त्याच वर्षी. माझ्या मते सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा, कारण ज्यांना समेट घडवायचाय त्यांनी एका बाजूच्या कुंपणाआड बसून समेटाची भाषा करून चालत नाही, दोन्हीकडच्या माणसांच्या घरी जावं लागतं.

23 ऑक्टोबर 1991 ला पॅरिसचा शांतता करार झाला, आणि मार्च 1992 पासून साधारण वर्षभरात 3,60,000 च्या वर माणसं छावण्यांतून परत नेली गेली. सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला जमीन द्यायचं बोलणं होतं. मग लक्षात आलं की सुरुंग नसलेली मोकळी जमीन एवढी नाहीच, आणि पैशांचा पर्याय पुढे आला, मोठ्या माणसाला 50 डॉलर, लहान पोराला 25 डॉलर, आणि बहुतेकांनी तेच घेतलं. दहा-दहा वर्षं कुंपणाआड काढलेली माणसं, त्यातली कित्येक पोरं तर कुंपणातच जन्मलेली, ज्यांनी भात कधी शेतात उगवताना पाहिला नाही, फक्त ट्रकमधून उतरताना पाहिला, ती हातात एवढे पैसे घेऊन बसमध्ये बसली.

याच वेळी, 1992 च्या एप्रिल-मे मध्ये, बौद्ध भिक्खू महा घोसानंद यांनी थाई सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत पायी धम्मयात्रा काढली, छावणीतले लोक बरोबर घेऊन, जिथे लढाई चालू होती तिथूनही. ही यात्रा उभी करणाऱ्यांत बॉब माट नावाचे एक जेसुइट ब्रदर होते. हे सांगायचं कारण म्हणजे अशा मिशनबद्दल पहिला प्रश्न आपल्याकडे हाच येतो की यांना धर्मांतर करायचं असणार. प्रश्न रास्त आहे, त्याला टाळू नये. पण या प्रकरणात जे दिसतं ते असं की सीएम रीप इथलं जेआरएसचं जे घर आहे त्याचं नाव मेत्ता करुणा, म्हणजे मैत्री आणि करुणा, सरळ पाली शब्द, ज्यांची सेवा करायची त्यांच्या धर्मातून घेतलेले. कॅथलिकांचं प्रमाण त्या देशात आजही एक टक्कासुद्धा नाही. माणसं वाढवायला हे लोक आले असते तर तीस-चाळीस वर्षांत काहीतरी आकडा दिसला असता.

आता केंद्राकडे येऊ. 1991 मध्ये कंडाल प्रांतात, आंग स्नूल भागात ते सुरू झालं. शिकायला येणारे सुरुवातीला बहुतेक सुरुंगात हातपाय गमावलेले माजी सैनिक. शिकवायचे ते वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मोटरसायकल आणि इंजिनची दुरुस्ती, शिवणकाम, शेती, लाकडावरचं कोरीवकाम. यातलं एकही काम भारी नाही, आणि तेच बरोबर होतं, कारण गावात जाऊन एका टेबलावर सुरू करता येईल असंच काम हवं. पण मला जास्त शहाणपणाचं वाटतं ते राहण्याचं. मोठ्या हॉलमध्ये रांगेनं खाटा टाकून वसतिगृह नाही केलं, छोटी छोटी घरं केली, प्रत्येक घरात थोडे विद्यार्थी, कुटुंबासारखे. आणि त्या घरात वेगवेगळ्या फौजांतले, वेगवेगळ्या अपंगत्वाचे एकत्र. आता विचार करा, ज्याचा हात नाही त्याला बादली उचलायला दुसरा लागतो, ज्याचा पाय नाही त्याला पाणी आणून द्यायला तिसरा लागतो, आणि तो तिसरा काल-परवापर्यंत जंगलात समोरच्या बाजूला होता. समेटावर भाषण द्यायची गरजच नाही, रोजचं पाणी भरण्यातच ते होत जातं किंवा होत नाही. बऱ्याच वेळा व्हायचं. एकदा नाही झालं, ते पुढे सांगतो.

त्याआधी खुर्ची. शिकून गावी जाणाऱ्यांचा पुढचा प्रश्न साधा होता: जायचं कसं? दान म्हणून परदेशातून येणाऱ्या व्हीलचेअर म्हणजे हॉस्पिटलच्या फरशीवर चालायच्या, पुढची दोन चाकं बारकी, ती गावच्या मातीत किंवा पावसाळ्यातल्या चिखलात गेली की रुतून बसणार, आणि मोडली की तिचा पार्ट त्या देशात कुठेच मिळणार नाही. तेव्हा मोटिव्हेशन नावाच्या ब्रिटिश संस्थेसोबत बांतेय प्रीबमध्ये एक खुर्ची बनवली गेली, तिला मेकाँग म्हणतात. लाकडी सांगाडा आणि तीन चाकं. चार पायांचं टेबल खडबडीत जागेवर डुगडुगतं पण तीन पायांचं स्टूल कुठेही घट्ट बसतं, तीच गोष्ट चाकांची, जमीन कशीही असो तिन्ही चाकं टेकलेलीच राहतात. लाकूड तिथलंच, मोडलं तर गावचा सुतार नीट करेल. आणि बनवणारे कोण, तर स्वतः पाय नसलेले कारागीर, ज्यांना सीट अर्ध्या इंचानं चुकली की दिवसभर बसून मांडीला काय होतं ते सांगावं लागत नाही. परत आल्यावर चन्नारेथ याच कामात शिरले, सीएम रीपमध्ये खुर्च्या बनवायच्या आणि त्या घेऊन गावोगाव अपंगांच्या घरी जायचं, माप घ्यायचं, बोलायचं, बायको-पोरांची चौकशी करायची.

आणि मग तिसरा प्रश्न, जो खरंतर कारागिरांनीच काढला: आपण एक खुर्ची बनवतो तोवर आणखी दहा जणांचे पाय जातात, तर हे संपणार कधी? हा प्रश्न अतिशयोक्तीचा नव्हता. 1996 या एका वर्षात कंबोडियात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यानं मेलेल्या-जखमी झालेल्यांची नोंद 4,320 आहे, म्हणजे दिवसाला जवळपास 12 माणसं, आणि हे शांतता करार होऊन पाच वर्षं झाल्यावर. वरचं चौघांचं पत्र इथून आलं. देशात सह्यांची मोहीम झाली, सिस्टर डेनिस आणि अपंग कार्यकर्ते त्यात पुढे होते, 1992 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरुंगबंदी मोहिमेची परिषद जून 1995 मध्ये नॉम पेन्हमध्ये भरली. सोबत, सेवा आणि मग बाजू मांडणं. बाजू मांडणं शेवटी आलं म्हणून त्याला वजन होतं, कारण बोलणारे अहवाल वाचून बोलत नव्हते.

आता 17 ऑक्टोबर 1996. याबद्दल लिहिताना हात जड होतो पण हे वगळलं तर प्रकरण अपुरं राहील, किंबहुना खोटं होईल. रिचर्ड फर्नांडो, सगळे रिची म्हणायचे, फिलिपिन्सचा, 27 फेब्रुवारी 1970 चा जन्म, अजून फादर झालेला नव्हता, शिक्षणाच्या मधल्या टप्प्यात 1995 मध्ये बांतेय प्रीबला शिकवायला आला होता. केंद्रात एक विद्यार्थी होता, तरुण, सुरुंगानं अपंग झालेला, त्याला तिथेच राहून शिकायचं होतं, पण त्याच्या वागण्यामुळे त्याला जायला सांगितलं गेलं होतं. त्या दिवशी त्यानं पिशवीतून हातबॉम्ब काढला आणि विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गाकडे निघाला. वर्गाच्या खिडक्यांना गज होते, आतल्यांना पळायला जागा नाही, आणि आतले सगळे अपंग. रिची मागून आला आणि त्यानं त्याला मिठी घालून धरलं. तो म्हणत होता की सर सोडा, मला तुम्हाला मारायचं नाहीये. रिचीनं सोडलं नाही. झटापटीत बॉम्ब रिचीच्या मागे पडला. रिची जागीच गेला, पडतानाही त्या मुलाला धरूनच होता. वय 26. वर्गातले वाचले, तो विद्यार्थीही वाचला.

रिचीला मनिलाला नेऊन पुरलं. इथल्या लोकांना तिकडे जाणं शक्य नव्हतं, तर त्यांनी त्याच्या रक्तानं माखलेल्या कापडाचे तुकडे एका कलशात ठेवले आणि केंद्रातच त्याचा अंत्यविधी केला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रिचीच्या आईवडिलांनी राजे सिहानुक यांना पत्र लिहिलं, आमच्या मुलाचा जीव ज्याच्या हातून गेला त्याला माफी द्या म्हणून. 2017 मध्ये फिलिपिन्सच्या जेसुइटांनी रिचीला संत घोषित करण्यासाठीची प्रक्रिया हाती घेतली.

अभ्यास म्हणून याच्याकडे कसं बघायचं? रिचीचं मोठेपण सांगून थांबणं सोपं आहे, पण तो विद्यार्थीही या प्रकरणातलाच आहे, आणि मला तो विसरता येत नाही. केंद्राकडे हाताला काम शिकवायची सोय उत्तम होती. पण ज्याचं सगळं आयुष्य युद्धात गेलं, पाय गेला, आणि ज्याला पहिल्यांदा कुठेतरी आपलं असं घर मिळालं, त्याला ‘आता जा’ म्हणणं म्हणजे काय याचा अंदाज कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो, आणि त्या काळात हातबॉम्ब मिळणं ही अवघड गोष्ट नव्हती, युद्ध संपलं तरी हत्यारं घराघरात होती. दुसऱ्या बाजूनं, बाकीच्या शंभर जणांच्या सुरक्षेसाठी एखाद्याला जायला सांगावंच लागतं, तेही चूक म्हणता येत नाही. मला यात कोणाला दोषी ठरवायचं नाही. मला एवढंच दिसतं की त्या घटनेनंतर दारं लावून घ्यायचा, माजी सैनिकांना बंदी करायचा, फाटकावर पहारा बसवून अंग काढून घ्यायचा मोह किती झाला असेल, आणि केंद्र तसंच चालू राहिलं, त्याच लोकांना घेत राहिलं.

पुढच्या वर्षी गोष्टी वेगानं झाल्या. सप्टेंबर 1997 मध्ये ओस्लोत सुरुंगबंदीच्या कराराचा मसुदा मान्य झाला, 3 डिसेंबरपासून ओटावात सह्या झाल्या, कंबोडियानं पहिल्याच दिवशी सही केली. 10 डिसेंबरला ओस्लोत नोबेल शांतता पुरस्कार मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना मिळून दिला गेला, आणि मोहिमेच्या वतीनं पुरस्कार घ्यायला व्हीलचेअरवरून पुढे गेले तुन चन्नारेथ. पंधरा वर्षांपूर्वी याच महिन्यात तो माणूस जंगलात स्वतःचे पाय तोडत होता. पुरस्कार घेऊन ते परत सीएम रीपला आले आणि पुन्हा खुर्च्या बनवायला लागले.

नंतरचं थोडक्यात. किके 2000 मध्ये बाट्टमबांग या भागाचे चर्चप्रमुख झाले, लोक त्यांना व्हीलचेअरवाले बिशप म्हणतात, आणि तिथे अपंग मुलांसाठी जे घर आहे त्याला अरुपे यांचंच नाव आहे. बांतेय प्रीबमध्ये येणारेही बदलत गेले, आधी बहुतेक सुरुंगानं अपंग झालेले, मग पोलिओ झालेले, मग अपघातात जखमी झालेले, जन्मतः अपंग असलेले. विद्यार्थी बदलतायत याचाच अर्थ बाहेर काहीतरी सुधारतंय. आकडेही तेच सांगतात, 1996 चे 4,320 तिथून 2005 मध्ये 875, 2010 मध्ये 286, आणि आता वर्षाला शंभराच्या आत. तरी 1979 पासूनची एकूण नोंद काढली तर 65,000 च्या आसपास माणसं, त्यातली वीस हजाराच्या जवळपास मेलेली.

म्हणून आता पत्रातल्या मागण्या परत घेतो. काढायला पैसे द्या, ही मागणी बऱ्यापैकी ऐकली गेली, कंबोडियाचे सुरुंग काढणारे लोक आज दुसऱ्या देशांना शिकवतात. बनवणं थांबवा, ही अर्धी ऐकली गेली, पण मोठे देश, अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही, करारात नाहीत. लावणं थांबवा, या मागणीचं काय झालं ते अगदी ताजं आहे. नोव्हेंबर 2024 च्या शेवटी कराराची मोठी आढावा परिषद सीएम रीपमध्येच भरली, चन्नारेथ जिथे खुर्च्या बनवतात त्याच गावात, आणि ती सुरू व्हायच्या आठवडाभर आधी अमेरिकेनं युक्रेनला माणसं मारायचे सुरुंग द्यायचं ठरवलं. 2025 मध्ये लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंडनं करारातून बाहेर पडायचा निर्णय घेतला. आणि त्याच वर्षी जुलैत थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर पुन्हा तोफा चालल्या, थाई सैनिकांचे पाय सुरुंगात गेले, थायलंड म्हणालं हे नवे लावलेले आहेत, कंबोडिया म्हणालं जुने आहेत, आणि दोन्हीकडची मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं सामान डोक्यावर घेऊन घराबाहेर पडली, त्यातल्या कंबोडियाच्या बाजूच्या माणसांमध्ये अशी कित्येक असणार ज्यांचं लहानपण किंवा तरुणपण साइट टू मध्ये गेलं होतं.